कशानं गेलं आणि कुणी नेलं

नेल्माने केस विंचरले, कंगव्यात अडकलेला गुंता बोटाभोवती गुंडाळला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला. केस जळल्याचा वास खोलीभर पसरला तसा तिचा नवरा जोआब चहा पिता पिता हसला.

"बालआरोग्य पथकातली सिस्टर," तो म्हणाला. "गावोगाव जंतू शिकवत हिंडते आणि घरी केस जाळते."

"जमिनीवर पडले तर झाडायला तू येणार आहेस?"

झाडायचा कंटाळा म्हणून कुणी केस जाळत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. केस, नखं, उष्टं, अंगाचं काही मागे राहिलं की ते उचलून कुणीतरी सांगुमा, म्हणजे करणी, करतो आणि माणसाचं काळीज आतून काढून नेतो, हे बाळकडू या डोंगरात प्रत्येकाला मिळतं. नेल्मालाही मिळालं होतं. पुढे ती नर्सिंग शिकली, इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डात राबली, मग गोरोका शहरातल्या संशोधन पथकात आली. सांगुमावर तिचा विश्वास उरला नव्हता. हात मात्र अजून चुलीकडे जायचा.

पथकाचं काम सांगायला सोपं आणि करायला जड होतं. आसपासच्या खोऱ्यांत एखादं लहान मूल इस्पितळाचं तोंड न बघता गेलं, की दुखवटा संपल्यावर नेल्मा त्या घरी जायची. आईसमोर बसून विचारायची, ताप होता का, जुलाब होते का, आकडी आली का. ती उत्तरं दोन डॉक्टर वेगवेगळे वाचायचे आणि मूल कशाने गेलं ते ठरवायचे. कुठल्या खोऱ्यात कशाने मुलं जातात हे त्यातून कळायचं आणि लशी, औषधं तिकडे धाडता यायची. निदान तशी आशा असायची. जीप चालवायला गहारे असे. पन्नाशी उलटलेला, बोलका माणूस. नेल्मा बायकांत बसली की तो बाप्यांत बसून सुपारी चघळायचा आणि गावाची हवा कशी आहे याचा अंदाज घ्यायचा. पथकाच्या प्रमुख डॉ. हेनाओ किनारपट्टीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांचा एक नियम कडक होता. मूल कशाने गेलं, हे त्या घरात बसून कुणी बोलायचं नाही. अंदाजानेसुद्धा नाही.

त्या दिवशी लुनेह्याला जायचं होतं.

कॉफीचा हंगाम भरात होता. वाटेवरच्या प्रत्येक अंगणात ताडपत्रीवर बिया वाळत पडल्या होत्या. कुमी आणि मोरीनाचं घर गावाच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांखाली होतं. त्यांचा एझरा, नुकता दोन वर्षांचा झालेला, महिन्यापूर्वी गेला होता. मोरीनाच्या अंगावर अजून दुखवट्याची माती होती. कुमी दाराशी बसला होता आणि त्याच्या शेजारी त्याचा थोरला भाऊ अतोवे. घरात काय बोलायचं आणि किती, हे अतोवे ठरवत असावा, असं नेल्माला बसल्या बसल्या जाणवलं.

"ताप होता?" नेल्माने विचारलं.

"होता."

"खोकला?"

"आधी खोकलाच होता. मग ताप."

"श्वास कसा चालला होता?"

मोरीनाने हात छातीवर ठेवून भराभर हलवला. "असा. उन्हात बसलेलं कुत्रं घेतं तसा. आणि इथं," तिने बरगड्यांच्या खाली बोट टेकवलं, "इथं खड्डा पडायचा. प्रत्येक श्वासाला."

नेल्माचं लिहिणं क्षणभर थांबलं. मुलांच्या वॉर्डात एक पावसाळा काढलेल्या कुणालाही हा खड्डा ओळखता आला असता. न्यूमोनिया. आईच्या दुधात विरघळवून देता येणारी साधी गोळी वेळेत मिळाली असती तर बहुधा पोर अंगणात खेळत असतं.

"दवाखान्यात नेलं होतं?"

मोरीनाने नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर अतोवेने दिलं. "नेऊन काय होणार होतं? ते दवाखान्याचं दुखणं नव्हतं."

"प्रश्न आईला आहे, दादा."

"नव्हतं नेलं," मोरीना म्हणाली. "घरीच होता. घरीच गेला."

ती हे इतकं पाठ केल्यासारखं म्हणाली, की नेल्माने मान वर केली. पण मोरीनाने नजर दिली नाही.

एवढ्यात कुंपणापाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. उंच, हाडकुळी, केळीच्या पानात उकडलेली रताळी घेऊन. "पाहुणी लांबून आली आहे," ती म्हणाली. "काही खाल्लं असेल-नसेल." अंगणातलं कुणी उठलं नाही. लहान मुलांना त्यांच्या आयांनी जवळ ओढलं. शेवटी नेल्मानेच पुढे होऊन पान घेतलं. रताळी गरम होती. तिने ती पिशवीत ठेवली, आणि का ठेवली, तिथेच का खाल्ली नाहीत, हा विचार मनात येऊ दिला नाही. सगळं अंगण बघत होतं.

"ही यासी," अतोवे म्हातारी गेल्यावर म्हणाला. "आमच्या चुलत्याची बायको. चुलता मेला, मूल नाही, बाळ नाही. दुसऱ्यांच्या पोरांवर नजर." मग तो नेल्माकडे वळला. "एवढं लिहून घेतलंस, सिस्टर. आता सांग. कशानं गेला आमचा पोरगा?"

"ते मला सांगता येत नाही, दादा. डॉक्टर ठरवतात."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"सांगता येत नाही म्हटलं मी."

"मीही तेच म्हणतोय," अतोवे म्हणाला आणि जमलेल्या बाप्यांकडे बघून समाधानाने हसला.

परतताना नदीचा पूल ओलांडल्यावर गहारे म्हणाला, "पोरी, तिथली सगळी माणसं एकच नाव घेतायत."

"यासी?"

"एझराला शेवटचं पाणी तिनं पाजलं, म्हणे. मोरीनाच बोलून गेली बायकांत." त्याने गिअर बदलला. "म्हातारीचा कॉफीचा मळा नदीला लागून आहे. काळी जमीन. वारस नाही."

नेल्माच्या पिशवीतली रताळी आता गार झाली होती. घरी पोचल्यावर तिने ती डुकरांना घातली.

शुक्रवारी गहारे ऑफिसात धापा टाकत शिरला. गोरोक्याच्या बाजारात त्याला लुनेह्याची एक बाई भेटली होती. गावाने यासीला धरलं होतं. कॉफी वाळवायच्या शेडमध्ये बांधून ठेवलं होतं आणि कबूल कर, म्हणून तापवलेलं लोखंड लावत होते. दुपारी सगळ्या गावासमोर निकाल लावणार होते. तो निकाल काय असतो, हे या डोंगरात कुणी विचारत नाही.

"आणि पोरी," गहारे अडखळला, "ते तुझं नाव सांगतायत."

"माझं?"

"शहरातली सिस्टर आली, सगळं विचारलं, सगळं लिहून घेतलं, आणि तिलाही दुखणं सापडलं नाही. म्हणजे ते दुखणंच नव्हतं. असं चाललंय."

नेल्मा तशीच उठून डॉ. हेनाओंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. "मॅडम, तो न्यूमोनिया होता. मला जाऊन सांगू द्या."

डॉ. हेनाओंनी आधी पोलीस चौकीला फोन लावला. पलीकडून शांत उत्तर आलं, गाडी आहे, डिझेल नाही. फोन ठेवून त्या नेल्माकडे वळल्या.

"मी हा नियम का केला, तुला माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या एका प्रांतात, माझ्याच हाताखालची एक मुलगी. चांगली, कनवाळू. एका घरात बसून ती एवढंच बोलली, पोटात काही विषारी गेलं असेल. संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याचं घर पेटवलं होतं. आत माणसं होती, नेल्मा. त्यांची नावं मला अजून येतात."

"पण मी काहीच बोलले नाही. त्याचाही त्यांनी अर्थ लावला."

कुणी वाद घालून हरवल्यासारखा डॉ. हेनाओंचा चेहरा नव्हता. बोलल्याने काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं, आणि आता न बोलल्याने काय होतं तेही दारात येऊन उभं होतं.

"मोरीनानं तुला विश्वासानं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "ते तिचं आहे, आपलं नाही. ती हो म्हणाली तरच बोलायचं. ती नाही म्हणाली तर आपल्या हातात काही नाही, हे समजून चल." आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचं जाकीट उचललं. "मीही येते."

चौकीवर डॉ. हेनाओंनी शिपायांना आमच्याच जीपमध्ये बसा म्हटलं तेव्हा एकच तरुण शिपाई पुढे आला. मागे बसल्यावर अर्ध्या वाटेत तो हळूच म्हणाला, "माझी सासुरवाडी लुनेह्याची आहे, डॉक्टर. मी येतो. पण गाडीतून उतरेन असं नाही." त्याच्यावर कुणी चिडलं नाही. भीती सगळ्यांनाच होती, तो फक्त बोलून मोकळा झाला.

लुनेह्याच्या मधल्या मैदानात सगळं गाव जमलं होतं. बाप्ये पुढे, हातात कोयते. बायका कडेला, पोरं कडेवर. शेडच्या खांबाला यासीला बांधलं होतं. डोकं पुढे झुकलेलं. तिच्या पायांची काय दशा केली होती ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांनी केली त्यांना माहीत आहे, आणि जे कडेला उभं राहून बघत होते त्यांनाही.

नेल्मा जीपमधून उतरली. मागे गहारेने इंजिन चालूच ठेवलं. डॉ. हेनाओ तिच्या शेजारी चालत होत्या, पण इथली भाषा त्यांना येत नव्हती. बोलायचं होतं ते एकट्या नेल्मालाच.

"आली बघा," अतोवे मोठ्याने म्हणाला. "सिस्टर आली. हिलाच विचारा. सांग सगळ्यांना, तुला सापडलं का दुखणं?"

नेल्माने त्याच्याकडे न बघता बायकांत मोरीनाला शोधलं. "मोरीना, तू मला जे सांगितलंस ते मी इथं बोलू का?"

मोरीनाच्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखा रंग होता. तिने कुमीकडे पाहिलं.

"काही बोलायचं नाही," कुमी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आमच्या घरातलं आहे ते."

"बरं," नेल्मा म्हणाली. तिला वाटलं, संपलं. सगळ्या मैदानाचे डोळे तिच्यावर होते आणि खांबाकडून कण्हल्याचा आवाज येत होता. तेव्हा तिला जे सुचलं ते तिने केलं. "तुमच्या पोराबद्दल मी बोलत नाही. मी दुसऱ्या पोरांबद्दल बोलते. वॉर्डात माझ्या हातात गेलेल्या."

आणि ती सांगत गेली. आधी साधा खोकला येतो, तेव्हा कुणी लक्ष देत नाही. मग ताप. मग पोर दूध तोंडात धरतं आणि सोडून देतं, कारण श्वास घ्यावा की प्यावं हे त्याला जमत नाही. श्वास धावायला लागतो. नाकपुड्या फुलतात. बरगड्यांखाली खड्डा पडतो. छातीत पू झालेला असतो. तो कुणी बाहेरून घालत नाही. जंतू घालतात आणि औषध तो काढतं. मैदानात लाकडाच्या धुराचा वास होता आणि तिचा आवाज तिलाच परका वाटत होता.

"माझी लोरेटा अशीच गेली," बायकांतून कुणीतरी म्हणालं.

"आमचापण. दूध सोडून द्यायचा."

"तीही हिनंच नेली," अतोवे ओरडला.

एक म्हातारी बाई काठी टेकत दोन पावलं पुढे आली. अतोवेची मावशी होती ती. "अरे, माझी दोन्ही पोरं खड्डा पडूनच गेली. तेव्हा ही यासी या गावात लग्न होऊन आलीही नव्हती. ती काय माहेरून हात लांब करत होती?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बाप्यांच्या रांगेत चुळबूळ झाली. अतोवेने कोयता या हातातून त्या हातात घेतला. "त्या वेळची दुसरी असेल. म्हणून हिनं माझ्या पुतण्याला पाणी पाजलेलं खोटं ठरतं का? विचारा त्याच्या आईला. तीच म्हणाली."

सगळ्या मैदानाची नजर मोरीनाकडे वळली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोरीनासमोर दोन वाटा होत्या. सांगुमाने पोर नेलं असं म्हटलं, की आईबापाच्या माथी काही उरत नव्हतं. गाव तिच्या दुःखात सामील होतं, नवरा जवळ होता, दीर पाठीशी होता. दुसऱ्या वाटेवर ती एकटी होती आणि तिच्याबरोबर फक्त तिने केलेलं आणि न केलेलं होतं.

ती पुढे आली.

"मी नेला होता त्याला," ती म्हणाली. इतक्या हळू, की मागच्यांनी काय, काय म्हणून विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. "मी दवाखान्यात नेला होता. श्वास पळायला लागला तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, कॉफी उतरू दे. मी थांबले. नको होतं थांबायला. मग खड्डा पडायला लागला तेव्हा मी कुणाला न विचारता बिलुमच्या झोळीत घातला, पाठीवर घेतला आणि खाली नदीपाशी आपल्या दवाखान्यात गेले. कुलूप होतं. ईस्टरपासून तिथं माणूस नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दार वाजवत बसले. हात दुखेपर्यंत वाजवलं. मग परत फिरले."

तिने नदीकडून येणाऱ्या चढाकडे हात केला.

"चढावर पाठीवरचं वजन बदललं. कळतं आपल्याला. मी उघडून नाही बघितलं. तशीच चालत राहिले. मग खाली बसले आणि मला उठता येईना. तिथं ही भेटली." तिने यासीकडे बोट केलं. "हिनंच पिशवी उघडली. भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी त्याच्या ओठांना लावलं. ते पाणी बाहेर आलं. तो आधीच गेला होता. मला खांद्याला धरून हीच घरापर्यंत घेऊन आली. आणि मी घरी आल्यावर एवढंच बोलले, की यासीनं पाणी पाजलं. बाकीचं मी बोलले नाही. माझ्या पाठीवर गेला, हे मला बोलता आलं नाही."

कुमी खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरून, लहान मुलासारखा. "मीच म्हणालो," तो म्हणाला. "कॉफी उतरू दे, मीच म्हणालो."

मोरीना चालत खांबापाशी गेली आणि दोर सोडायला लागली. गाठ आवळलेली होती, तिची बोटं घसरत होती. अतोवे तिच्या दिशेने निघाला. त्याची काठी टेकणारी मावशी मध्ये येऊन उभी राहिली. मग लोरेटाची आई. मग आणखी एक, कडेवर पोर घेऊनच. त्यांनी काही घोषणा केली नाही की हात धरले नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यातल्या कुणाला ढकलायचं तर कुणाच्या तरी आईला, बहिणीला ढकलावं लागलं असतं.

सगळं गाव पटून मागे सरलं असं मात्र झालं नाही. निम्मे बाप्ये गप्प झाले. उरलेल्यांतला एक म्हणाला, "पाणी बाहेर आलं म्हणजे तेव्हाच काळीज नेलं असणार." त्या गोंधळातच नेल्मा आणि डॉ. हेनाओंनी यासीला उचललं. ती इतकी हलकी होती, की नेल्माला धक्का बसला. जीपपाशी दार आतून उघडलं. तो तरुण शिपाई उतरला होता. त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो उतरला होता आणि त्याने खांद्यांना धरून म्हातारीला आत घेतलं. पहिला दगड टपावर आला, दुसऱ्याने मागची काच फोडली. गहारेने गाडी चिखलातून अशी काढली, की पुलापर्यंत कुणाला श्वास घेता आला नाही.

यासी जगली. डाव्या पायाची बोटं गेली. पोलिसांत तक्रार झाली, पण साक्ष द्यायला लुनेह्यातून कुणी आलं नाही. तो शिपाई एकटाच बोलला आणि त्याची सासुरवाडी तुटली. मोरीना काही आठवडे भावाकडे राहिली. कुमी तिला आणायला गेला तेव्हा तिने एकच अट घातली. पुन्हा पोर झालं आणि खोकलं, तर तिला कुणाला विचारायचं नसेल. तो हो म्हणाला. पुढचं पुढे कळेल.

डॉ. हेनाओंनी नियम बदलण्याचा प्रस्ताव संस्थेच्या मंडळापुढे ठेवला. डॉक्टरांचा निर्णय आला की पथकाने त्या घरी पुन्हा जावं, मूल कशाने गेलं ते आईबापाला समजावून सांगावं, गाव ऐकायला तयार असेल तर गावालाही. मंडळाने विचारलं, निर्णय चुकला तर जबाबदार कोण? त्याचं उत्तर लिहीत डॉ. हेनाओ बसल्या होत्या. नदीकाठच्या दवाखान्याचं कुलूप तसंच होतं. त्याबद्दलही पत्रं गेली होती आणि पत्रांची पोच आली होती.

नेल्मा अधूनमधून इस्पितळात यासीला बघायला जाई. एके दिवशी म्हातारी उशीला टेकून बसली होती. मळ्याची चौकशी झाली. अतोवे तिच्या झाडांची कॉफी तोडतो आहे, हे तिला कळलं होतं. "तोडू दे," ती म्हणाली. "त्याला ती नीट वाळवता येत नाही. बुरशी धरेल." मग ती नेल्माकडे वळली.

"एक विचारू, पोरी? तू सगळ्यांना सांगितलंस मी नाही नेलं त्या पोराला. बरं केलंस. मी नाहीच नेलं, ते मला माहीत होतं. पण मग कुणी नेलं?"

एवढं सोसलेल्या बाईच्या तोंडूनही तोच प्रश्न यावा. 'कशानं' नव्हे, 'कुणी'. नेल्माला राग आला नाही. चुलीत जळणारे आपले केस तिला ठाऊक होते.

ती पलंगाच्या कडेला बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. छातीतला पू, जंतू, औषध, थांबलेले दिवस, नदीकाठचं कुलूप. यासी मध्ये मध्ये अडवून विचारत होती. हे जंतू दिसतात का? मोठ्या माणसाला का मारत नाहीत? दवाखान्याची चावी ज्याच्याकडे आहे तो कुठे राहतो?

"शहरात. त्याला पगार मिळेना म्हणून गेला तो."

"मग ज्यानं पगार दिला नाही त्याला खांबाला बांधायचं होतं," यासी म्हणाली आणि स्वतःच हसली. हसताना तिला खोकला आला. पाणी पिऊन ती म्हणाली, "कळलं मला. पण हे मला कशाला सांगतेस? मी तर बांधलेली होते. बांधणाऱ्यांना सांग."

"ते ऐकतील?"

"त्या दिवशी निम्म्यांनी ऐकलं की."

मंडळाची परवानगी अजून आलेली नव्हती. नेल्माने डॉ. हेनाओंना सांगितलं, एझराबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, जिवंत पोरांबद्दल बोलायला परवानगी लागत नाही. डॉ. हेनाओंनी तिच्याकडे पाहिलं आणि जीपच्या किल्ल्या टेबलावरून तिच्याकडे सरकवल्या.

लुनेह्यात शिरताना गहारे म्हणाला, "कुणाच्या घरी घेऊ?"

"अतोवेच्या."

अतोवे अंगणात कॉफी पसरत होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा फावडं चालवायला लागला. कुंपणाबाहेर तीन-चार बाप्ये गोळा झाले. नेल्मा ताडपत्रीच्या कडेला जमिनीवर बसली.

"दादा," ती म्हणाली, "तुमच्या घरात दीड वर्षाची पोर आहे. पोर झोपलेली असताना तिचा श्वास कसा मोजायचा आणि छातीकडे कुठं बघायचं, तेवढं दाखवते आणि जाते."

फावडं बियांवरून सरकत राहिलं. अतोवेने पाठ फिरवली. कुंपणावरचा एक जण थुंकला. नेल्मा उठली नाही. ऊन चढत होतं आणि ओल्या कॉफीचा आंबूस वास येत होता.

मग घराच्या आतून हालचाल झाली. अतोवेची बायको बाहेर आली. आजवर तिचा आवाजसुद्धा नेल्माने ऐकला नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. झोपलेली पोर खांद्यावरून उतरवून तिने नेल्मासमोर आडवी धरली, पोरीचा झगा छातीच्या वर सरकवला आणि म्हणाली, "दाखवा. कालपासून खोकतेय."